रुंद पाऊल

मुरगावच्या धक्क्यावर मी खनिजाचे नमुने भरायचो.
तांबड्या मातीची पिशवी, पिशवीला सुतळी, सुतळीला चिठ्ठी.
जहाज जपानचं. आठ दिवस मुक्काम, कधी पंधरा.
त्यातल्या एकावरचा दुय्यम इंजिनियर, मोरिवाकी,
संध्याकाळी डेकवर एकटाच फिरायचा
समोर कुणी चालून येत असल्यासारखा.

मी विचारलं, हे काय?
त्यानं मनगट पुढे केलं. खुणेनं म्हणाला, धर.
धरलं.
पुढचं आठवतं ते एवढंच, की आभाळ
पायांकडे होतं.

तीन वर्षांत तो नऊ वेळा आला.
मी हिशेबाचा माणूस, वहीत तारखा आहेत :
चौऱ्याहत्तर संध्याकाळी. एवढंच माझं गुरुकुल.
दहाव्यांदा जहाज लागलं तेव्हा दुसराच इंजिनियर.
नाव सांगितलं तर त्यानं हात हवेत नुसता खाली नेला.
नोकरीवरून उतरला, की बुडाला,
मी अजून ठरवलेलं नाही.

मग बायण्याला शाळेचा हॉल, मंगळवार-शुक्रवार.
गाद्या आम्हीच केल्या, बार्जवरची जुनी ताडपत्री, आत काथ्या.
हाकामा शिवला पाद्रींचे झगे शिवणाऱ्या कायतान मेस्तानं.
घेर मोजताना टेपेवरून वर बघत म्हणाला,
हो खंयच्या देवाचो?
पांढरे कपडे पांढरे कधी राहिलेच नाहीत.
खनिजाची धूळ वाऱ्यावर यायची, शिवणीत बसायची.

आधी फक्त पडायला शिकवलं. सहा महिने.
अर्धी पोरं पळाली.
एकाचा बाप भांडायला आला, पैसे घेऊन पाडता?
मी म्हटलं, हो.

बेचाळिसाव्या वर्षी पुण्याला शिबिराला गेलो.
तिथले शिक्षक माझ्या पायांकडे बघत राहिले.
डावं पाऊल एवढं रुंद? कुणी शिकवलं?
मोरिवाकीचं नाव सांगितलं.
ते कुठल्याच यादीत नव्हतं.
तीस-चाळीस जण ओळीत बसलेले,
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

परत आलो आणि अकरा वर्षं ते पाऊल आवळत राहिलो.
स्वयंपाकघरात खडूची रेघ मारून. चहा गाळतानासुद्धा.
बायको म्हणायची, नवी चप्पल चावते का?
आवळलं. पट्टे मिळाले, भिंतीवर सर्टिफिकिटं लागली.
पोरांनाही आवळूनच दिलं.

खाणी बंद झाल्या. माझा गुडघा त्यानंतर गेला.
चिखलीचा डॉक्टर म्हणाला, जमिनीवर बसू नका,
जणू मी आयुष्यभर दुसरीकडे कुठे बसत होतो.
आता निळं प्लॅस्टिकचं स्टूल.
शिकवते रेशल, टगमास्तराची मुलगी.
कमी बोलते. माझ्यापेक्षा बरी शिकवते.

परवा म्हणाली, सर, एकदा तुम्ही या.
उठलो. तिनं मनगट धरलं.
दुखऱ्या गुडघ्यानं आपली जागा शोधली
आणि डावं पाऊल रुंद पडलं.
इतकी वर्षं कुठे दडून होतं कोण जाणे.
रेशल गेली. ताडपत्री वाजली.
केसांतला काथ्या काढत म्हणाली,
सर, हे तुम्ही आम्हाला कधी दाखवलं नाही.

चुकीचं आहे ते, असं सांगणार होतो.
तोंड उघडलं आणि तिथेच थांबलो.
चौऱ्याहत्तर संध्याकाळी तारखांसकट लिहिल्या,
हे एक लिहायचं राहिलं, की मोरिवाकीनं मला
जमिनीवर कधी शिकवलंच नव्हतं.
बांधलेलं जहाजसुद्धा हलतं.

खालचं हलत असेल तेव्हासाठी आहे, मी म्हटलं.
मग? त्यात काय, असं तिनं माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा मनगट धरलं,
आणि बापाच्या टगवर लहानपणी उभी राहायची
तशी पाय फाकून उभी राहिली.

मला ती हलवता आली नाही.
गुडघा मात्र रात्रभर ठणकत होता.